बेडी कोर्टाची, हात तुमचा

आवं, तुमचा हात धरलेला अजून एकजण आज येऊन गेला.

तेराव्याची पंगत उठली होती. तुमच्या गावची, निर्ण्याची भावकी टेम्पोत बसून निघून गेली, थोरली लेक मागच्या दारी भांडी घासायला बसली आणि मी तुमच्या फोटोपुढची समई सारखी करत होते. तेवढ्यात दारात एक माणूस दिसला. कानशिलावर केस पिकलेले, नखांत काळं वंगण, शर्ट धुतलेला पण चुरगळलेला. आत आला, फोटोपुढं मांडी घालून बसला. हात जोडले न्हाईत बाबानं. उजवा पंजा उघडून नुसता त्याकडं बघत बसला. मला वाटलं, काटाबिटा रुतला का काय.

“काय झालं हो हाताला?” मी विचारलं.

“काय न्हाई अक्का. ह्योच हात साहेब धरायचे.”

लागली माझ्या अंगाला आग. इतके दिवस लोक येऊन तुमचं गुणगान करत होते, ते सगळं मी ऐकून घेतलं. कुणी तुमच्या युनिफॉर्मची इस्त्री आठवली, कुणी तुमचं मोठ्यानं शिंकणं. पण हा परका माणूस माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या फोटोपुढं, स्वतःचा हात मिरवत बसलाय! म्हटलं, “कोण हो तुमी?”

“नरसिंग. हुमनाबादला पंक्चरचं दुकान हाय. तुमी नावानं वळखत असाल.”

ओळखणार नाही तर काय! त्याच्यासाठी आणलेला चहाचा कप मी परत ताटात ठेवला. हाच तो मुडदा, जो स्टँडवर तुमच्या जवळून पळाला आणि ज्याच्यापायी तुमची नोकरी जाता जाता राहिली. त्यानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि हसला.

“तुमीच का त्या? साहेब सांगायचे, घर में घरवाली है, गुस्से की तेज है, मगर—”

“पुरे!” मी म्हणाले. “चहा घ्या. गार व्हायलाय.”

त्याचं वाक्य मी तिथंच तोडलं. कामून तोडलं, ते फक्त तुम्हाला सांगायचंय. म्हणून हे लिहायला बसलेय. लिहिताना माझी भाषा अंगणवाडीच्या बाईसारखी शुद्ध होते आणि भांडताना आपली होते. दोन्ही चालवून घ्या. एरवी तुम्ही माझं काय काय चालवून घेतलंतच की.

आणि खरं सांगायचं तर मला एकाच गोष्टीचा निकाल पाहिजे. तुमच्या हातात माझा वाटा किती होता? लग्नात भटजीनं सांगितलं म्हणून एकदा धरलात, तेवढाच. तोसुद्धा असा धरलात, जसा गरम तव्याचा काठ धरतात. पुढं सारी हयात तो हात दुसऱ्यांचा. आणि दुसरी म्हणजे एखादी बाई असती तर मी जाऊन तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. माझ्या सवती सगळ्या दाढीवाल्या आणि बिड्या ओढणाऱ्या. त्यांचं काय उपटू?

लोकांना हे सांगितलं तर हसतात. त्यांना तुमचं काम माहीत नाही. पोलीस म्हटलं की चोर पकडणारा, एवढंच वाटतं. तुम्ही कधी चोर पकडला नाहीत. पकडलेला माणूस जेलातून कोर्टात न्यायचा आणि कोर्टातून परत जेलात पोचवायचा, हे तुमचं काम. कलबुर्गीहून बीदरला, बीदरहून कलबुर्गीला. व्हॅन नसली की साध्या एसटीनं, बायाबापड्यांच्या, कोंबड्या-बोचक्यांच्या गर्दीत. आणि तुम्ही त्याला बेडी घालत नव्हता. कोर्टाच्या परवानगीशिवाय बेडी घालायची नाही असा नियम आहे, हे सगळे पोलीस सांगतात. पण ती परवानगी मागायला तुम्ही कधी गेला नाहीत. तुमची आपली वेगळी रीत. त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या हातात, बोटांत बोटं अडकवलेली आणि तुमचा अंगठा त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी दाबलेला. वरून टॉवेल. लोकांनी बघू नये म्हणून.

त्या टॉवेलचं धुणं माझ्याकडं. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या शर्टावर लांब केस शोधतात, मी टॉवेल नाकाला लावायची. कधी बिडीचा वास, कधी जेलातल्या साबणाचा, कधी नुसता भ्यालेल्या माणसाचा घाम. तो वास वेगळा असतो, मला कळायला लागला होता. म्हणायची, “आजचा लई भ्याला व्हता व्हय?” तुम्ही बूट सोडत म्हणायचा, “पहिलीच खेप त्याची.” बस, एवढंच. मी दिवसभर काय केलं ते विचारायचं नाही. मीपण दिवसभर हातच धरत होते की, अंगणवाडीतल्या पोरांचे. संध्याकाळी आपले दोघांचे हात मोकळे असायचे, आणि तुमचा हात रिमोटवर.

एकदा मी हे डोळ्यांनी बघितलं. तुम्हाला वाटत असेल मी विसरले. मी काही विसरत नाही.

मादन हिप्परग्याला, माझ्या माहेरी, चुलतभावाच्या पोरीचं बारसं होतं. बीदरच्या स्टँडवर कलबुर्गीची गाडी पकडली, पुढं बायकांच्या शीटवर खिडकी मिळाली. गाडी सुटता सुटता तुम्ही चढलात. हातात हात, वर टॉवेल. मागं रायफल घेतलेला तुमचा जोडीदार बसण्णा. आरोपी चांगला जाडजूड, मिशीवाला. माझ्याकडं बघितलंत आणि बघितलं नाही असं केलंत. ड्युटी! बायकोला ओळख दाखवली तर ड्युटी बाटते व्हय?

मी मान वळवून वळवून बघत होते. हुमनाबादच्या अलीकडं त्या मिशीवाल्याला झोप लागली. त्याचं डोकं हळूहळू कलंडत तुमच्या खांद्यावर आलं. तुम्ही खांदा जरा खाली केलात. आवं, मी डोहाळेजेवणाच्या दिवशी चक्कर येऊन टेकले होते, तेव्हा तुम्ही “उशी आणा उशी” म्हणून आईंना हाक मारली होती!

पुढं कमलापूर आलं. बसण्णानं खिडकीतून लाल केळी घेतली. तुमचा एक हात अडकलेला, त्याचा एक अडकलेला. तुम्ही केळं धरलंत, त्यानं सोललं. दोन माणसांच्या दोन हातांनी एक केळं सोललं, अर्धं त्यानं खाल्लं, अर्धं तुम्ही. संसार संसार म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?

माझ्या शेजारची बाई म्हणाली, “कित्ती माया हाय बघा. भाऊ-भाऊ हायत का ते?”

“मला काय ठाऊक कोण हायत,” मी म्हणाले आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

त्या रात्री नाही, परत आल्यावर भांडण झालं. ते तुम्हाला आठवत असेल, कारण बसण्णापण होता. बसण्णाच्या कपाळावर टाक्यांची खूण होती. कोर्टाच्या मागं लघवीला नेलेल्या एका आरोपीनं दगड उचलून हाणला होता त्याला. हात मोकळे होते म्हणून. जरा खाली लागला असता तर डोळाच गेला असता. तो माझ्याच बाजूनं होता. म्हणाला, “अण्णा, कायदा लिहिणारे एसटीत बसत न्हाईत. बेडी घातली तर साहेब लोक विचारतात कामून घातली, आन् पळाला तर विचारतात कामून घातली न्हाई. दोन्हीकडून मार आपल्यालाच. मग निदान जीव तरी वाचवावा की.”

“बराबर बोलायलेत भाऊजी,” मी म्हणाले. “बेडी काय शोभेला दिलीय सरकारनं? मागा की परवानगी.”

“काय सांगून मागू?” तुम्ही म्हणालात. “हा माणूस पळणार हाय म्हणून? मला काय स्वप्न पडलंय का? आगं, अजून गुन्हा शाबीत न्हाई त्याचा. मोठा माणूस धरला की बघितलीस का कधी बेडी? गाडीतून उतरतो, फोटोवाल्यांना हात हलवतो. आन् पाण्याची मोटर चोरल्याचा नुसता संशय हाय त्याला बैलासारखं जुंपून न्यायचं? एकदा का बेडीतला माणूस गावानं बघितला, की कोर्ट काय बी म्हणू दे, गावाचा निकाल लागून जातो.”

“आन् तुमाला काय झालं म्हंजे? पोरं माझ्या पदरात दोन.”

तेव्हा तुम्ही तुमचं ते ठेवणीतलं काढलंत. “माझ्या बापानं सारी हयात मेंढरं वळली. मेंढराला दावं नसतं. मेंढका असतो.”

“मेंढरं खून करत न्हाईत!” मी ओरडले.

बसण्णा इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. तुम्हीपण हसलात. मी नाही हसले. माझा राग बेडीवर नव्हताच, हे तुम्हाला कळलं नाही, आणि मला सांगता आलं नाही. बेडी घातली असती तर तुमचा हात मोकळा राहिला असता. एवढाच माझा कायदा होता.

आणि मग झालंच ते. नरसिंग.

मोटरचोरीचाच आरोपी. बीदरच्या कोर्टातली तारीख करून तुम्ही दोघं त्याला कलबुर्गीला परत नेत होता. हुमनाबादच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. आणि तिथं नेमकी त्याच्या सासुरवाडीची माणसं उभी. सासरा, मेव्हणा, कुणाचं तरी लग्न करून परत निघालेले. टॉवेलाखाली दोन माणसांचे हात म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबडं पोरपण ओळखतं. तो तुम्हाला म्हणाला, “साहेब, पाया पडतो, जरा हात सोडा. नुसतं बाजूला चालतो. त्यांच्या देखत नको.” आणि तुम्ही सोडलात! दुसऱ्या कुठल्या पोलिसानं सोडला असता? बसण्णा तिकडं गाडीची चौकशी करायला गेलेला. तुम्ही दोघं दोस्तांसारखे खांद्याला खांदा लावून सासऱ्यापुढून गेलात, सासऱ्यानं रामराम घातला, यानं घेतला, आणि उसाच्या रसाच्या गाड्यामागून पठ्ठ्या पसार.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरी सापडला, पण तोवर तुम्ही निलंबित झाला होता. चौकशीत एकच प्रश्न. परवानगी काढून बेडी का घातली नाही? तुम्ही खरं सांगितलंत, की त्याच्या सासऱ्यासाठी हात सोडला. ऐकणाऱ्यांना वाटलं, तुम्ही पैसे खाल्ले. शपथेवर सांगते, मला त्या दिवसांत तुमच्यापेक्षा त्या सासऱ्याचा जास्त राग आला होता.

निर्ण्याला जाऊन राहिलो आपण. तुरीच्या शेतात दिवसभर दोघंच. मला मनातून बरंच वाटलं, देवा माफ कर. म्हटलं, आता तरी हा हात रिकामा आहे. ओढा ओलांडताना मी मुद्दाम दगडावर थांबले, हात पुढं केला. तुम्ही काय केलंत? काठी पुढं केलीत. “धर,” म्हणालात.

चोराला हात आणि बायकोला काठी!

कामावर परत घेतल्यावर पहिल्या महिन्यातच तुमच्या वाट्याला परत नरसिंग आला. या खेपेला साहेबांनी रीतसर कोर्टाची परवानगी काढली होती. पळालेला आरोपी, परत पळू शकतो, हे कोर्टानंही मानलं. बेडी घातली. मला वाटलं, सुटले एकदाची. तर बसण्णा घरी येऊन कपाळावर हात मारतो, “अक्का, अण्णा येडा झालाय. बेडी हाय, तरी त्याचा हात धरून बसला व्हता कलबुर्गीपर्यंत.”

मी तुम्हाला विचारलं, कामून? तुम्ही म्हणालात, “बेडी कोर्टाची, हात माझा.” आणि भाकरी कुस्करायला लागलात. त्यापुढं मी किती आदळआपट केली, पण तुम्ही तोंड उघडलं नाहीत.

ते आज नरसिंगानं सांगितलं. चहा पीत, तुमच्या फोटोपुढं बसून, माझ्या नवऱ्याची गोष्ट मला त्यानं सांगितली!

म्हणाला, “अक्का, मीबी साहेबांना हेच इचारलं. म्हणलं, माझ्यापायी तुमची नोकरी जायलती, आन् आता बेडीबी हाय, मग हात कामून धरलाव? तर साहेब समोरचा रस्ता बघत ऱ्हायले. कमलापूर गेल्यावर बोलले.”

तुमच्या वडलांवर मेंढरं चोरल्याचा आळ आला होता म्हणे. तेव्हाच्या पोलिसानं त्यांचे हात मागं बांधले, कमरेला कासरा बांधला, स्वतः सायकलवर बसला आणि निर्ण्याच्या बाजारातून त्यांना मागं पळवत नेलं. बाजाराचा दिवस. तुम्ही तुमच्या आईबरोबर लोकर विकायला बसला होता. वडलांनी तुम्हाला बघितलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मेंढरं पुढं दुसऱ्याच्याच कळपात सापडली, वडील सुटून आले. पण त्यानंतर निर्ण्याच्या बाजारात त्यांनी पाय ठेवला नाही.

मी त्या घरात सून म्हणून आले. मामंजी कधी बाजाराला जात नाहीत, मीठ-मिरचीसुद्धा दुसऱ्याकडून आणवतात, हे मी रोज बघत होते. मला वाटायचं, म्हातारा ऐदी आहे. मी तुम्हाला तोंडावर म्हणालेली आहे तसं. तुम्ही ऐकून घेतलंत. आणि खरं काय ते एका मोटरचोराला सांगितलंत!

आवं, मी काय मेले होते? त्या घरातली भाकरी मी थापली, मामंजींचं शेवटचं दुखणं मी काढलं. माझा त्या गोष्टीवर काही हक्क नव्हता? हिप्परग्याची पोरगी म्हणून परकी आणि टॉवेलाखालचा माणूस आपला?

नरसिंगाकडं बघून मला वाटलं, याच्या हातातला कप काढून घ्यावा. पण तो रडत होता हो. म्हणाला, “कोर्टात मी सुटलो अक्का. पर तवा सुटलो असतो का न्हाई, ठाऊक न्हवतं. बेडी दिसू ने म्हणून साहेबांनी टॉवेल टाकला, आन् टॉवेलाखाली हात घातला. मला वाटलं, आपुन अजून माणसांत हाव.”

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. त्याला जे मिळालं ते खरंच मोठं होतं. तेच तर माझ्या पोटात दुखायलंय. तुम्ही वाईट माणूस असता तर मला इतकं जळायची वेळच आली नसती. आणि मला आता असंही वाटतं की तुम्हाला कुणाच्या डोळ्यांत बघून बोलताच येत नव्हतं. एका शीटवर बसून, दोघांनी समोरचा रस्ता बघत, असंच तुम्हाला बोलता यायचं. आपण कुठं बसलो तसं? तुम्ही पुरुषांत, मी बायकांत. स्कूटरवर मी मागं, आणि हात कॅरियरला.

आपलं शेवटचं भांडणही त्याच विषयावर झालं, बघा. तुम्ही रिटायर झालेले, टीव्हीपुढं. नव्या कायद्यात ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी बेडी घालायची मुभा दिलीय, असं कुणीतरी सांगत होतं. मी भाजी निवडता निवडता म्हणाले, “बघा, शेवटी कायदाबी माझ्याच बाजूला आला.” तुम्ही म्हणालात, “ठरावीक म्हणलंय. त्या ठरावीकात कुणाकुणाला ढकलतेत ते बघ आता.” मी म्हणाले, “आन् बसण्णाभाऊजींचं कपाळ? ते कुणाच्या यादीत?” तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंत आणि खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं. उत्तर राहूनच गेलं. खरंच काय सांगणार होता हो? बसण्णाच्या कपाळाचं उत्तर होतं का तुमच्याकडं? मला अजून वाटतं, नव्हतं. असतं तर खोकल्यातूनही बोलला असता.

तो खोकला छातीत उतरला. कलबुर्गीच्या दवाखान्यात नेलं. रक्तातलं सोडियम कमी झालंय म्हणाले डॉक्टर, म्हणून भ्रमात बोलायलेत. तुम्ही सलाईन उपटलंत, नाकातली ऑक्सिजनची नळी ओढलीत, एकदा खाटेवरून उतरायला निघालात. मी चहा घेऊन वर आले तर तुमचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेले.

मी दारातच उभी राहिले. तुमचे हात. बांधलेले.

सिस्टर पोरगी चांगली होती. म्हणाली, “अक्का, काय करू? नळ्या ओढायलेत. बांधल्याबगर इलाज न्हाई. आमी दोघीच हाव वॉर्डात. काय झालं-बिलं तर आमच्यावरच येतंय की.”

आवं, ते माझंच बोलणं होतं. मी तुम्हाला जे जे म्हणत आले, ते ते ती मला म्हणत होती, आणि तिचं काही चूक नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालं, “सोडा ते. मी धरते.”

“किती वेळ धरणार तुमी?”

“ह्यांनी बीदर ते कलबुर्गी धरलेत लोकांचे. मी बी धरीन.”

तिनं विचार केला. म्हणाली, “डावा सोडते. उजव्याला सलाईन हाय, तो न्हाई सोडणार.” अर्धं तिचं, अर्धं तुमचं. तुमच्या त्या वादाचा इतका बरा निकाल मी कोर्टातपण ऐकला नव्हता.

दुपारची वेळ. खिडकीतून ऊन तुमच्या पायावर आलेलं. मी स्टूल ओढून खाटेला लागून बसले आणि तुमचा डावा हात उजव्या हातात घेतला. आणि तुमची बोटं हलली. आपसूक माझ्या बोटांत शिरली, एकेक करून, आणि अंगठा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी येऊन दाबून बसला. एवढ्या तापात तो जोर! मग तुम्ही दुसरा हात हलवायला बघितलंत, पट्टीनं अडला. चिडून म्हणालात, “टॉवेल कुटं हाय?”

मी आपल्या दोघांच्या हातांवर पदर टाकला. तुम्ही निवांत झालात.

माझ्याकडं बघितलंत नाही. समोर बघत होता, भिंतीकडं, जसा काही रस्ताच आहे तिथं. आणि परक्या माणसाशी बोलता त्या बोलीत बोलायला लागलात. “डरो नक्को. तारीख है, बस. भागो नक्को रे. मेरेकू बी घर जाना है. घर में घरवाली है, गुस्से की तेज है, मगर उसके बगैर मेरेकू निवाला नै उतरता.”

माझ्या जिभेवर आलं होतं, आवं, मीच हाय की! ती घरवाली मीच! इकडं बघा! पण आले तसे शब्द मी गिळले. कारण मला तुम्ही ठाऊक आहात. बायको आहे म्हणून कळलं असतं, तर तुम्ही लाजून हात सोडला असता.

म्हणून मी आवाज जाड केला आणि म्हणाले, “नै भागता, साब.”

“अच्छा,” तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. सिस्टर दोनदा येऊन बघून गेली. माझी बोटं बधिर झाली होती, पण मी काही हलले नाही. त्यानंतर तुम्ही कुणाशी काही बोलला नाहीत. माझ्याशी शेवटचं बोललात ते आरोपी समजून. आणि आयुष्यात सगळ्यात गोड बोललात तेही तेव्हाच.

आता कळलं का, मी नरसिंगाला का तोडलं? ‘मगर’च्या पुढं काय आहे ते त्याला ठाऊक आहे. नुसतं त्यालाच नाही, त्या रस्त्यानं तुमच्याबरोबर गेलेल्या सगळ्या चोरा-चिलटांना ठाऊक असणार. कुणी सुटून शेती करत असेल, कुणी अजून आत असेल, आणि त्यांना सगळ्यांना माहीत आहे की अण्णाला घरवालीशिवाय घास उतरत नाही. जिच्याबद्दल बोललात तिला तेवढं सोडून! मी घासाघासाला तुमच्यापुढं बसून माशा हाकत होते, तेव्हा एकदा मान वर करून म्हणायला काय झालं होतं?

जाताना नरसिंग पायरीवर थांबला. चप्पल घालता घालता म्हणाला, “अक्का, मघा साहेबांचं अर्धं सांगायचंच ऱ्हायलं. लई चांगलं बोलायचे तुमच्याबद्दल. सांगू का?”

“नको,” मी म्हणाले. “ते माझं हाय.”

तो गेला. थोरली म्हणाली, “आई, सगळ्यांचं झालं, तू आता जेवून घे.” मी आत आले, ताट वाढून घेतलं, भाकरी मोडली.

घास उतरला न्हाई.